मुलाचा आवाज फुटतोय, गाणं थांबवायचं का? (गाणाऱ्या, नाचणाऱ्या, नाटकातल्या मुलांचे पालक आणि गुरू, दोघांनीही लिहा)

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार. बरेच दिवस नुसती वाचतेय, लिहायला आज पहिल्यांदा बसलेय आणि मोठं होणार आहे, सांभाळून घ्या.

माझा मुलगा १३ वर्षांचा. सहाव्या वर्षापासून गाणं शिकतोय, गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रवेशिका पूर्ण ही गाण्याची परीक्षा झालीय, आता पुढच्या मध्यमा प्रथमचा फॉर्म भरायचाय. पहिल्यापासून काळी चारमध्ये (पेटीवरची उंच पट्टी) गातो. तार षड्ज, म्हणजे वरचा सा, असा काही लागायचा की शेजारच्या आजी पोळ्या टाकून खिडकीत येऊन उभ्या राहायच्या. गणपतीत, नवरात्रात, शाळेच्या गॅदरिंगला, कुणाच्या साठीशांतीला, सगळीकडे हाच गाणार आणि प्रत्येक वेळी मी समोर फोन धरून उभी. यूट्यूबला चॅनल पण काढलंय मी त्याचं, रात्री झोपायच्या आधी किती जणांनी बघितलं ते आम्ही दोघं मिळून बघायचो.

मागच्या महिन्यात एका स्पर्धेत नाट्यपद घेतलं होतं. मुखडा छान झाला, अंतऱ्यात वरच्या सा वर गेला आणि आवाज चिरकला, एका गळ्यातून दोन आवाज आल्यासारखं. परत घेतलं, परत तेच. मागच्या रांगेतली पोरं फिदीफिदी हसली. तबलजींनी ठेका धरून ठेवला, मानेनं खुणावलं की ये परत समेवर, पण हा उठला आणि सरळ विंगेत गेला. नंतर परीक्षकांनी माइकवर सगळ्यांसमोर सांगितलं की रियाज कमी पडतोय, आईवडिलांनी लक्ष द्यावं.

त्या दिवसापासून तानपुऱ्याचं ॲप उघडलेलं नाहीये. क्लासची वेळ झाली की पोट दुखतं. परवा आमटीभात कालवता कालवता विचारतो, "आई, माझं गाणं गेलं का गं?" मला उत्तरच सुचलं नाही, मी उठून भात वाढायला गेले.

क्लासमधल्या सरांचं म्हणणं, आहे त्याच पट्टीत जोर लावून गायला लाव, गळा आपोआप मोकळा होईल. सासरे म्हणतात दोन वर्षं गाणं बंद. परीक्षेचं वेगळंच टेन्शन, दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून मध्येच सोडू नका असं सगळे सांगतात. मला खरंच कळत नाहीये. ज्यांच्या घरात हे होऊन गेलंय त्यांनी प्लीज लिहा.

मांडवीकाठ (पणजी)

ताई, गाणं कुठेही गेलेलं नाही, आज रात्री त्याला एवढं एक वाक्य सांगा. बाकीचं सगळं उद्या.

आमच्याकडे गोव्यात गावागावात भजनी मंडळं. माझा कंठ फुटला तेव्हा मी सातवीत होतो आणि कला अकादमीच्या भजन स्पर्धेसाठी आमची तालीम चालू होती. बुवांनी मला एक शब्द बोलून दाखवला नाही. दुसऱ्या दिवशी पखवाज पुढ्यात ठेवला आणि म्हणाले, वर्षभर हा सांभाळ, मंडळाला हात कमी पडतायत. मी त्याच मांडीला मांडी लावून तिथेच बसलो, फक्त काम बदललं. मला वाटतं त्यामुळेच मी टिकलो. त्या वयात घरी बस म्हणून सांगितलं असतं तर परत गेलो नसतो.

श्वासस्वर

मी स्पीच थेरपिस्ट आहे, आवाजाच्या तक्रारी घेऊन येणारी शाळकरी मुलं आणि गाणारी मुलं हेच माझं रोजचं काम, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कृष्णाकाठ ताई, हा रियाजाचा प्रश्न नाहीये. या वयात मुलग्यांचं स्वरयंत्र मोठं होतं, गळ्यात खाली सरकतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात. कंठमणी दिसायला लागतो तो याचमुळे. पुरा बदल झाला की आवाज साधारण एक सप्तक खाली येतो, आणि काळी चारचा मुलगा पुढे काळी एक, पांढरी दोन अशा खालच्या पट्टीच्या आसपास स्थिरावू शकतो. पण हे एका रात्रीत होत नाही, काही महिने लागतात, काहींना वर्ष-दोन वर्षं. तोवर मेंदूला जुन्या तंतूंची सवय असते आणि तंतू तर रोज बदलतायत, त्यामुळे स्वर घसरतो, चिरकतो, मधलेच एक-दोन सूर लागतच नाहीत. उद्या लागतील, परवा पुन्हा नाही. यात मुलाची काडीइतकी चूक नाही. मुलींचाही आवाज या वयात बदलतो बरं का, दोन-तीन स्वर खाली येतो, थोडा हवेशीर होतो, पण तो एवढा दिसत नाही म्हणून त्यांच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही आणि त्यांना सर्रास "तू आळशी झालीस" ऐकावं लागतं.

जुन्या पट्टीत जोर लावायला सांगणं मला अजिबात पटत नाही. सूजलेल्या, वाढत्या तंतूंवर रोज ताण आला तर घसा बसतो, पुढे तंतूंवर गाठी येऊ शकतात. लहान मुलांच्या गाठींना बहुतेक वेळा ऑपरेशन लागत नाही, आवाज वापरायची पद्धत सुधारली की कमी होतात, पण त्यात महिने जातात आणि मूल घाबरून जातं ते वेगळंच.

आणि सासरे म्हणतात तसं पूर्ण बंदही नको. रोज दहा-पंधरा मिनिटं, हलक्या आवाजात, जिथे सहज लागतं तेवढ्याच चार-पाच सुरांत. ओठ मिटून हुंकार, लांब सा, खाली उतरणारे अलंकार. वर चढायची घाई नाही. पट्टी त्या दिवशीच्या गळ्याला विचारून लावायची. पाणी भरपूर. सारखं खाकरायची सवय लागली असेल तर ती मोडा, प्रत्येक खाकरण्यात तंतू एकमेकांवर आपटतात. घसा बसला की कुजबुजत बोलू देऊ नका, कुजबुजण्यानं आराम मिळतो हा गैरसमज आहे, त्यापेक्षा गप्प राहिलेलं बरं. क्रिकेटच्या मैदानावरचं ओरडणंसुद्धा यात मोजायचं हं, पोरं एक तास रियाज करतात आणि दोन तास किंचाळतात.

घोगरेपणा दोन-तीन आठवड्यांहून जास्त राहिला, गिळताना दुखलं, बोलतानाच आवाज गायब व्हायला लागला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. बारीक कॅमेऱ्यानं तंतू बघतात, दोन-चार मिनिटांचं काम असतं. आणि कार्यक्रम तोंडावर आलाय म्हणून घसा मोकळा करणारी गोळी कुणाच्या सांगण्यावरून देऊ नका, प्लीज.

पांढरी_दोन

श्वासस्वर ताईंनी लिहिलंय त्याला शंभर टक्के अनुमोदन. मी गायक आहे, शिकवतोही.

माझा आवाज चौदाव्या वर्षी फुटला. माझ्या गुरुजींनी त्या वर्षात माझ्याकडून जवळजवळ काही गाऊन घेतलं नाही, पण आठवड्यातले तीन दिवस बोलवायचे मात्र नेमानं. डग्ग्यावर हात ठेवायला शिकवलं, बंदिशी वहीत उतरवून घेतल्या, एकच यमन राग चार गवयांचा ऐकवला आणि विचारायचे, गंधारावर कोण किती थांबलं सांग. आज मी जे काही ऐकू शकतो ते त्या वर्षाचं आहे. आवाज परत आला तेव्हा तो कुठे ठेवायचा हे मला आधीच माहीत होतं.

कुमार गंधर्वांची गोष्ट तुमच्या मुलाला जरूर सांगा, पण पूर्ण सांगा. लोक फक्त पहिला अर्धा भाग सांगतात की नऊ-दहा वर्षांचं पोर तबकड्या ऐकून मोठमोठ्या गवयांची हुबेहूब गाणी म्हणायचं आणि अख्खं सभागृह थक्क व्हायचं. त्याच्या पुढचं महत्त्वाचं. ते मुंबईला प्रोफेसर देवधरांकडे आले आणि तिथे वर्षानुवर्षं शिकत राहिले, कारण नक्कल आणि स्वतःचं गाणं यात केवढं अंतर आहे ते देवधरांना ठाऊक होतं. नंतर १९४७ च्या सुमाराला क्षयानं गाठलं, देवासला पाच-सहा वर्षं डॉक्टरांनी गायला मनाई केली. गळा गप्प आणि कान उघडे. पडल्या पडल्या माळव्यातल्या बायकांची गाणी ऐकली आणि त्यातून पुढे काय उभं राहिलं ते आपण सगळे ऐकतोच. गाणं बंद असणं आणि संगीत बंद असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तुमच्या पोराला एवढं कळलं तरी त्याचा जीव भांड्यात पडेल.

मध्यमाचा फॉर्म या सत्राला भरू नका. परीक्षा पुढच्या वर्षीही असते.

वाघोलीचा_बाबा

माझं थोडं वेगळं मत आहे, राग मानू नका. इथे सगळे म्हणतायत स्पर्धा नको, परीक्षा नको. आमच्यासारख्यांच्या घरात आधी कुणी गाण्याबिण्यात नव्हतं. माझ्या मुलीला स्टेज मिळालं ते स्पर्धेमुळेच, तिच्या गुरूंपर्यंत आम्ही पोचलो तेही तिथे बसलेल्या एका पाहुण्यांमुळे. २००८-०९ ला झी मराठीवर लिटिल चॅम्प्स लागायचं तेव्हा रस्ते ओस पडायचे, आळंदीची कार्तिकी गायकवाड जिंकली तेव्हा आमच्यासारख्या किती घरांना वाटलं की आपलं पोरगंही गाऊ शकतं. हे दार बंद करू नका. आणि हरणं, हसं होणं हे पण शिकावं लागतंच की, पुढे जग काय कमी हसतं का.

पांढरी_दोन

बाबा, दार बंद करा असं कुणीच म्हणत नाहीये. तुमची मुलगी ज्या दारातून आत आली ते दार मलाही प्रिय आहे. मी एवढंच म्हणतोय की ज्या वर्षी शरीरच बदलतंय त्या वर्षी मोजपट्टी लावू नका. पाय प्लास्टरमध्ये असलेल्या पोराला आपण शर्यतीत उभं करतो का? गळ्याचं प्लास्टर दिसत नाही एवढंच.

आणि तेरा वर्षांच्या मुलाला हसं झालेलं पचवायला मोठ्या माणसाचा आधार लागतो. इथे मोठ्या माणसानंच माइकवरून भर घातली. मी स्वतः परीक्षक म्हणून बसतो, चिरकलेला आवाज आणि न केलेला रियाज यातला फरक मला पहिल्या दोन ओळींत कळायला हवा, नाही कळला तर मी त्या खुर्चीत बसू नये.

घुंगरूवाली

गाण्यावर बोलणं चाललंय पण नाचणाऱ्या मुलींचंही लिहिते, कारण मूळ दुखणं एकच आहे.

माझ्याकडे भरतनाट्यम शिकणारी ११ वर्षांची मुलगी, अरंगेत्रमची (एकटीनं करायच्या पहिल्या मोठ्या कार्यक्रमाची) घाई तिच्या घरच्यांना. टाच दुखते म्हणायची. मला वाटलं कारणं सांगतेय, मी पण म्हटलं, होतं असं, कर अडवू (पायांचे मूळ ठेके). हे लिहिताना आजही अंगावर काटा येतो. नंतर हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं की वाढीच्या वयात टाचेचं हाड जिथून वाढतं ती जागा नाजूक असते, कडक फरशीवर रोज तास-दीड तास पाय आपटले की तिथे सूज येते. गुडघ्याखालच्या हाडाचंही तसंच. आराम दिला की बरं होतं, दामटलं की रेंगाळतं. सहा आठवडे तिला बसवून फक्त हस्तमुद्रा, अभिनय आणि तोंडानं ताल म्हणणं एवढंच केलं. आज तिचा अभिनय अख्ख्या बॅचमध्ये सगळ्यात चांगला आहे.

त्यानंतर मी क्लास बदलला. मोझॅकच्या हॉलमधून लाकडी जमीन असलेल्या जागेत गेले, भाडं जास्त जातं. सुरुवातीची पंधरा मिनिटं अंग गरम करायला, न चुकता. कथकवाल्या मैत्रिणीला पण सांगते, दहा वर्षांच्या पोरीच्या पायात शंभर-शंभर घुंगरं कशाला, पन्नास पुरतात की.

अजून एक, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. वजनावर बोलायचं नाही. गुरूनं नाही, आईनं नाही, कपडे शिवणाऱ्या मावशींनीही नाही. "जरा सुटलीस" एवढ्या दोन शब्दांनी बारा वर्षांच्या मुलीनं रात्रीचं जेवण सोडलेलं मी बघितलंय. पाळी सुरू होण्याच्या वयात अंग भरतं, भरायलाच पाहिजे.

सेटवरचा

मी मालिकांमध्ये सहायक दिग्दर्शक आहे. मढला, मीरा रोडला, फिल्मसिटीत अशी बरीच वर्षं गेली. पालकांना नियमच माहीत नसतात म्हणून लिहितो.

बालकामगार कायद्यात २०१६ ला बदल झाला आणि २०१७ ला नियम आले. १४ वर्षांखालच्या मुलाला कलाकार म्हणून काम देता येतं पण अटी आहेत. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्यानं आधी घ्यायची. दिवसाला ५ तासांहून जास्त काम नाही, सलग ३ तासांहून जास्त विश्रांतीशिवाय नाही. लागोपाठ २७ दिवसांच्या वर काम नाही. जास्तीत जास्त ५ मुलांमागे एक जबाबदार माणूस. शाळा बुडू द्यायची नाही. मुलाच्या कमाईतले निदान २० टक्के थेट त्याच्या नावानं राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत, सज्ञान झाल्यावर ते त्याचे. आणि मुलाच्या मनाविरुद्ध त्याला काम करायला लावता येत नाही, हे नियमातच लिहिलंय.

आता प्रत्यक्ष. एका सेटवर (नाव घेत नाही) आठ वर्षांचं पोरगं सकाळी नऊला मेकअप करून बसलं आणि त्याचा सीन लागला संध्याकाळी सहाला. मधे काय केलं तर मोबाइल, वेफर्स, झोप. रडायचा सीन होता. दमलेलं पोर खरंच रडलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याची आई पण वाजवत होती. मला त्या टाळ्या अजून ऐकू येतात. तेव्हापासून मी कॉलशीट माझ्या हातात असली की मुलांचे सीन दिवसाच्या सुरुवातीला घेतो, भांडण झालं तरी घेतो. पालकांनी एवढं तरी करा, परवानगीचा कागद मागा, एफडीची पावती मागा, घड्याळ बघा. "पुढच्या वेळी बोलावणार नाहीत" ही भीती मला कळते, पण मागणारे पालक वाढले की युनिट सुधारतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

विंगेतून

मी बालनाट्य करते, मे महिन्यात शिबिरं आणि मग स्पर्धा. सुधाताई करमरकरांनी १९५९ ला लिटल थिएटर सुरू केलं तेव्हापासूनची आपल्याकडची मोठी परंपरा आहे ही, मुलांसाठीचं नाटक मन लावून करायचं. आमच्याकडे एकच नियम कडक आहे, तालमीत सगळ्यांनी सगळ्या भूमिका वाचायच्या, राजा झालेल्यानं झाड पण व्हायचं. आवाज फुटलेल्या मुलांना मी मुद्दाम घेते, ताई. नाटकात तो चिरका आवाज चालतो, उलट प्रेक्षकांना आवडतो. तुमच्या मुलाला हवं असेल तर एखाद्या शिबिराला सोडून बघा. बळजबरी नको.

अजून एक गोष्ट कुणी बोललं नाही म्हणून बोलते. कपडे बदलायची जागा, बाथरूम, रात्री उशिरा परतीची गाडी, गुरूकडे एकट्यानं शिकायला जाणं, हे पालकांनी बघायलाच हवं. शिकवताना दार उघडं असावं. चांगल्या गुरूला याचा राग येत नाही, माझ्या ओळखीतले जेवढे चांगले आहेत ते स्वतःच दार उघडं ठेवतात. मूल एखाद्या माणसाकडे जायला अचानक नाही म्हणायला लागलं तर "गुरूंबद्दल असं बोलू नये" म्हणून गप्प करू नका, आधी ऐका. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा २०१२ चा आहे, आणि १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन नंबर मुलांना पाठ असू द्या.

कृष्णाकाठ ताई, तुमच्या मुलाचं पोट का दुखतं ते त्यालाच एकदा निवांत विचारा. बहुतेक त्या स्पर्धेमुळेच असेल, पण विचारा.

कृष्णाकाठ (सांगली)

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवसांनी लिहितेय.

विचारलं मी. रात्री दिवे घालवल्यावर, अंधारात त्याला बोलायला सोपं जातं. स्पर्धेचं होतंच, पण दुसरंही निघालं. क्लासमध्ये सर त्याला रोज सगळ्यांसमोर वरचा सा लावायला उभं करतात आणि चिरकला की बाकीच्या मुलांना "ऐका" म्हणतात. मला माहीतच नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी जाऊन बोलले, सरांना पटलं नाही, महिनाभर सुट्टी घेतलीय. फॉर्म भरलेला नाही. सासऱ्यांना श्वासस्वर ताईंनी लिहिलेलं वाचून दाखवलं, ते कंठमणीवर आले आणि म्हणाले अरे हो, माझाही असाच झाला होता, भजनात मला कुणी टाळ पण देईनात.

श्वासस्वर ताई, एक विचारायचं होतं, सकाळी उठल्या उठल्या हुंकार केला तर चालेल का, की दुपारी बरा?

श्वासस्वर

उठल्या उठल्या नको. पाणी पिऊन, थोडं बोलणं-चालणं झाल्यावर, तासाभरानं. शाळेतून दमून आला असेल त्या दिवशी सोडून द्या, हिशोब ठेवू नका.

घुंगरूवाली

सरांशी बोललात ते फार बरं केलंत. सोपं नसतं ते.

कृष्णाकाठ (सांगली)

आजचं सांगते आणि थांबते. संध्याकाळी मी कणीक मळत होते, आतून तानपुरा ऐकू आला. खूप खालचा. आधी ओळखूच येईना की आमच्याच घरातला आहे. जाऊन दारात उभी राहिले तर ॲपवर पांढरी दोन लावून बसला होता, आजोबा समोर खुर्चीत. सा लावला, जरा हलला, सोडला, परत लावला. खालच्या पंचमापर्यंत गेला आणि तिथे काहीतरी नवीनच लागलं, जाड, बापाच्या आवाजासारखं, आणि तो स्वतःच दचकून हसला.

सवयीनं माझा हात फोनकडे गेला होता. त्यानं बघितलं आणि म्हणाला, "आई, रेकॉर्ड नको ना करूस."

फोन रव्याच्या डब्यावर ठेवला आणि पिठाच्या हातानंच तिथे खाली बसले.